वेल्ह्याचं राजगड करताना

वरंध घाटाकडून ढग खाली उतरले की हिर्डोशीच्या घरातून नीरा-देवघरचं पाणीसुद्धा दिसत नाही. अशा दिवसांत मी जुन्या फोटोंची हार्ड डिस्क काढून बसतो. त्यात फोल्डरांची उतरंड आहे: पुणे जिल्हा, त्यात भोर आणि वेल्हे, वेल्ह्यात तोरणा, राजगड, मग वर्षं. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली. डिस्कवरही तेच करावं म्हटलं. एकेक नाव हाताने बदलायचं तर पावसाळा पुरला नसता, पण शेल स्क्रिप्टच्या आठ-दहा ओळींत काम भागतं.

'फाइंड' ही आज्ञा तळाच्या फोल्डरापर्यंत उतरते आणि नावात 'वेल्हे' असलेल्या प्रत्येक फाइलचा, फोल्डरचा पूर्ण पत्ता देते. तिला 'डेप्थ' हा पर्याय द्यायचाच, म्हणजे यादी आतून बाहेर येते. बाहेरच्या फोल्डरचं नाव आधी बदललं तर आतल्या फाइलींचे हातातले पत्ते खोटे ठरतात. 'प्रिंट-शून्य' हा दुसरा पर्याय. 'वेल्हे तोरणा 04' या नावातल्या मोकळ्या जागांवर शेल अडखळतं, एका नावाचे तीन तुकडे पाडतं. या पर्यायाने दोन पत्त्यांमध्ये एक अदृश्य शून्य-खूण पडते आणि यादी वाचणाऱ्या 'रीड' या आज्ञेला तिथेच तोडायला सांगता येतं. पुढे पत्ता धरून ठेवणारं चल वापरताना ते दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचं, नाहीतर तुकडे पुन्हा पडतात.

आता पत्त्याचे दोन भाग करायचे, शेवटच्या तिरक्या रेघेच्या आधीचा आणि नंतरचा. बदल फक्त नंतरच्या भागात. सगळ्या पत्त्यात 'वेल्हे'चं 'राजगड' केलंत तर अजून अस्तित्वातच नसलेल्या फोल्डरात फाइल हलवायला निघाल.

मराठीची गंमत पुढेच आहे. 'वेल्ह्याचा बाजार' ही फाइल फाइंडला सापडलीच नाही, कारण सामान्यरूपात 'हे' उरत नाही. मी हुशारी करून नुसतं 'वेल्ह' शोधलं, तर यादीत 'राजगड्याचा बाजार' उगवला! शेवटी दोन नियम केले: 'वेल्ह्या'चं 'राजगडा', 'वेल्हे'चं 'राजगड'. वेल्हे बुद्रुकच्या फाइली मात्र वगळल्या. नाव बदललं ते तालुक्याचं, गाव आपल्या नावाने आहे.

हे सगळं मला यादीत दिसलं, कारण नाव बदलणाऱ्या 'एमव्ही' या आज्ञेच्या जागी आधी 'इको' लिहिलं होतं. इको काहीच हलवत नाही, जुनं आणि नवं नाव नुसतं छापतं. ती यादी चहा पीत सावकाश वाचावी.

मी वाचली, तरी एक फसगत झालीच. एकाच फोल्डरात 'वेल्हे 04' आणि 'राजगड 04' असे दोन फोटो होते. एमव्हीने न विचारता पहिल्याला दुसऱ्याचं नाव दिलं आणि पद्मावती माचीचा फोटो पुसला गेला. फोल्डरांचं तर आणखी निराळं: 'राजगड' आधीच असेल तर एमव्ही 'वेल्हे' उचलून गुपचूप त्याच्या पोटात ठेवतं. म्हणून आता हलवण्याआधी एक ओळ घालतो, नव्या नावाचं काही आधीच असेल तर हात लावू नकोस, फक्त पत्ता छाप.

माचीचा फोटो पेन ड्राइव्हवर होता, म्हणून निभावलं.