जुनी अपार्टमेंट, कमी बिल: पैसे आणायचे कुठून?

आजचा भाग कवठे महांकाळमधून. विषय आहे तीन मजली, लिफ्ट नसलेली, बारा फ्लॅटची साधी अपार्टमेंट. मे महिन्यात वरच्या मजल्यावर झोप लागत नाही, जिन्यातल्या जुन्या ट्यूब रात्रभर चालू असतात आणि बोअरच्या मोटरचं बिल सगळ्यांत वाटलं जातं. हे सुधारू म्हटलं की मीटिंगमध्ये एकच प्रश्न येतो, "पैसे कोण देणार?"

माझं म्हणणं सरळ आहे. पैशाच्या वाटा आहेत, पण त्या एकेकट्या फ्लॅटमालकाला दिसत नाहीत. त्यासाठी आधी आख्खी बिल्डिंग एक व्हावी लागते.

पहिली वाट, आपलाच निधी. गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधीत दोन निधी सांगितलेत. फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधी आणि किमान 0.25 टक्के सिंकिंग फंड. बांधकाम खर्च 10 लाख धरला, तर घरटी वर्षाला 10,000 रुपये. बारा घरांचे 1,20,000! छोट्या बिल्डिंगमध्ये हे जमाच होत नाहीत. महिन्याला पाचशे रुपये गोळा करायचे, झाडूवाल्याला आणि लाइट बिलाला द्यायचे, संपलं.

दुसरी वाट, सरकारी अनुदान. फेब्रुवारी 2024 मध्ये 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' आली. एका घराला जास्तीत जास्त 78,000 रुपये मिळतात, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. पण सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे मोटर आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी, किलोवॅटला 18,000 रुपये वेगळे आहेत, हे फारसं कुणी सांगत नाही. योजनेची मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत आहे.

आता खरी गंमत हिशोबात आहे. समजा, 3 एचपीची मोटर रोज तीन तास चालते. महिन्याला साधारण 200 युनिट. जिना आणि पार्किंगमध्ये 40 वॅटच्या बारा ट्यूब रोज अकरा तास, म्हणजे आणखी 158 युनिट. एकूण 358. एक किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतं, म्हणजे आपल्याला 3 किलोवॅट लागणार.

थांबा. आधी ट्यूब काढून 9 वॅटचे एलईडी लावा. 158 चे 36 युनिट होतात. एकूण 236. आता 2 किलोवॅटमध्ये भागतं! बसवायचा खर्च किलोवॅटला 60,000 धरू. 1,20,000 मधून 36,000 अनुदान गेलं, राहिले 84,000. घरटी 7,000. युनिटला 10 रुपये धरले, तर पॅनेलचे पैसे तीनेक वर्षांत फिटतात. तुमच्या बिलावरचा दर घालून हिशोब पुन्हा करा, आणि स्थिर आकार भरावाच लागतो हेही धरा.

जरा बाहेर बघू. आपली म्हैसाळ उपसा सिंचन योजना सौरऊर्जेवर चालवण्यासाठी राज्य सरकारने जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेचं कर्ज घ्यायचं ठरवलं. हीच बँक जर्मनीत जुन्या घरांच्या दुरुस्तीला कर्ज देते, आणि दुरुस्तीनंतर घर जितकं कमी ऊर्जा खाईल, तितका कर्जाचा जास्त भाग माफ करते. म्हणजे तिथे बचतीला बक्षीस आहे. आपलं अनुदान बसवलेल्या किलोवॅटवर मोजतात, वाचवलेल्या युनिटवर नाही. त्यामुळे बचत आधी करायची, हे आपणच ध्यानात ठेवायचं.

गच्चीचंही तसंच. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं. गळती असेल तर ती आधी काढा, नाहीतर सगळा सांगाडा पुन्हा उतरवावा लागेल. त्याच वेळी उष्णता परतवणारा पांढरा रंग मारून घ्या, वरच्या मजल्याला उकाडा कमी होईल. मोठ्या दुरुस्तीला सिंकिंग फंड वापरता येतो, पण सभेचा ठराव आणि आर्किटेक्टचा दाखला लागतो.

आता अडतं कुठे? कागदावर. काही बिल्डिंग 1960 च्या सहकार कायद्याखाली सोसायटी असतात, काही 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली, आणि काहींची नोंदणीच झालेली नसते. ना सामायिक खातं, ना ठरावाचं पुस्तक. मग अनुदानाचा अर्ज कुणाच्या नावाने करायचा? त्यात निम्मे मालक पुण्या-मुंबईला, घरात भाडेकरू. उकाडा भाडेकरूला, सही मालकाची. असं असलं की फाइल हलत नाही.

म्हणून या रविवारी मोबाइलवर तीनच फोटो काढा: सामायिक मीटरचं बिल, नोंदणीचं प्रमाणपत्र आणि बँक पासबुकचं पहिलं पान. बिल्डिंगच्या ग्रुपवर टाका. तिन्ही मिळाले, तर हिशोब वरचाच आहे. एखादा मिळालाच नाही, तर सोलारवाल्याला फोन करायच्या आधी तेवढं काम उरका.

भेटू पुढच्या भागात!