संकेतस्थळ सुरू आहे, पण गावात उघडते का?

मार्चमधली गोष्ट. हरिहरेश्वरचे काम आटोपून मंडणगडला जायचे होते, म्हणून बागमांडल्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत होते. जवळच्या बौद्धवाडीतला बारावीचा एक विद्यार्थी मला सोडायला आला होता. २० मार्चला महाडला जाणाऱ्या गाड्या किती वाजता सुटणार, हे तो एका संस्थेच्या संकेतस्थळावर शोधत होता. बराच वेळ नुसते चक्र फिरत राहिले. शेवटी पान उघडले. वर पदाधिकाऱ्यांचे फोटो एकामागून एक सरकत होते आणि कार्यक्रमाची सगळी माहिती एका रंगीत बॅनरच्या चित्रात होती. बोटांनी मोठे करून पाहिले, तर अक्षरे धूसर झाली. "राहू द्या ताई, मुंबईला फोन करून विचारतो," असे म्हणत त्याने मोबाइल खिशात टाकला.

आपल्या बहुतेक संस्थांची हीच स्थिती आहे. संकेतस्थळ बनते मुंबई-पुण्यात, वेगवान वायफायवर, मोठ्या पडद्यावर. वाचले जाते ते कोकणातल्या वाडीत, साध्या मोबाइलवर, नेटवर्कची एकच कांडी असताना.

आम्ही उभे होतो तिथे सावित्री नदी समुद्राला मिळते. हीच नदी महाडवरून वाहत येते. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. तरीही बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी हजारोंसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले. त्या लढ्याची संकेतस्थळाशी बरोबरी होऊ शकत नाही. तिथे जातीची सत्ता आडवी उभी होती, इथे फक्त आपली बेफिकिरी आहे. पण एक गोष्ट तिथून शिकता येते: 'खुले आहे' असे जाहीर करणे वेगळे आणि माणसाचा हात तिथवर पोहोचणे वेगळे.

तो हात पोहोचावा म्हणून पुढील सहा गोष्टी करता येतील. यांतली बहुतेक साधने मोफत आहेत.

१. फोटो हलके करा

हा सातशे शब्दांचा लेख युनिकोडमध्ये साधारण १५ केबी भरतो. मोबाइलवर काढलेला एक फोटो सहज ४ एमबी, म्हणजे लेखाच्या अडीचशे पटींहून अधिक. सेकंदाला ४०० किलोबिट इतका वेग मिळत असेल, तर हा फोटो उतरायला सुमारे ८० सेकंद लागतात. तोच १५० केबीचा केला, तर ३ सेकंद. 'स्क्वूश' हे साधन ब्राउझरमध्येच चालते. फोटोची रुंदी १२०० पिक्सेल करा, 'वेबपी' प्रकारात साठवा आणि मगच संकेतस्थळावर टाका. सरकत्या फोटोंची पट्टी काढून टाकली तरी कोणाचे काही अडत नाही.

२. माहिती चित्रात कोंडू नका

तारीख, वेळ, ठिकाण, संपर्क क्रमांक नेहमी मजकुरात टाइप करा. बॅनर हवाच असेल तर त्याच्या खाली टाका. चित्रातला मजकूर गुगलच्या शोधात येईलच असे नाही आणि तो सहज कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवता येईलच असेही नाही. दृष्टिहीन बांधव मोबाइलवर 'टॉकबॅक' आणि संगणकावर 'एनव्हीडीए' वापरून पान ऐकतात. त्यांना बॅनरमधले अक्षरही कळण्याची खात्री नसते. प्रत्येक फोटोला वर्णनाची एक ओळ द्यायची सोय असते, ती रिकामी सोडू नका.

३. युनिकोडमध्येच लिहा

आपल्या चळवळीतील बरेच जुने साहित्य 'शिवाजी', 'कृतिदेव' अशा फॉन्टमध्ये टाइप झालेले आहे. ते जसेच्या तसे टाकले, तर वाचकाला इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. आधी परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घाला. 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हे फॉन्ट मोफत आणि सुवाच्य आहेत. संकेतस्थळाच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडा, म्हणजे वाचून दाखवणारी साधने योग्य उच्चार निवडू शकतात.

४. रंग भावनेने नव्हे, डोळ्यांनी निवडा

पंचशील ध्वजाचे रंग आपल्याला प्रिय आहेत. पण पांढऱ्यावर पिवळी अक्षरे उन्हात दिसतच नाहीत. जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा रंगभेद किमान ४.५ : १ असावा. पांढऱ्यावर भडक पिवळा जेमतेम १ : १ च्या आसपास असतो, तर गडद निळा ही कसोटी सहज पार करतो. वेबएआयएमच्या 'कॉन्ट्रास्ट चेकर'मध्ये दोन रंग टाकले की लगेच उत्तर मिळते.

५. मंद नेटवर आणि पाच माणसांवर तपासा

गुगलच्या 'पेजस्पीड इनसाइट्स'मध्ये पत्ता टाका. कोणती गोष्ट पान अडवते आहे, त्याची यादी मिळते. संगणकावरील क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडून 'नेटवर्क' विभागात मुद्दाम मंद वेग निवडता येतो. एकदा तसे आपले पान उघडून बघाच.

त्यानंतर माणसे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडले होते की, पाच जणांना वापरायला दिले तरी बहुतेक अडचणी समोर येतात. वाडीतली एक विद्यार्थिनी, एक आजोबा, महिला मंडळाची एक ताई, एक रिक्षाचालक आणि एक शिक्षक निवडा. "शिष्यवृत्तीची शेवटची तारीख शोधा," एवढेच सांगा आणि गप्प बसा. कुठे दाबायचे ते सांगू नका. ते जिथे अडतात, तिथे चूक आपली असते.

६. चाव्या संस्थेकडे ठेवा

उत्साही कार्यकर्ता स्वतःच्या नावावर डोमेन घेतो. पुढे नोकरीसाठी बाहेर जातो आणि नूतनीकरणाअभावी वर्षानुवर्षांचे काम गायब होते. डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर घ्या. पासवर्ड किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे असू द्या. दर महिन्याला संपूर्ण प्रत वेगळ्या ठिकाणी साठवा आणि महत्त्वाची पाने इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्येही जतन करा.

मित्रांनो, अभ्यासक्रमाचे शुल्क भरायला पैसे नसलेल्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीची तारीख वेळेत कळली नाही, तर त्याचे वर्ष वाया जाते. त्याच्यासाठी संकेतस्थळ ही शोभेची वस्तू नाही. येत्या रविवारी विहारात बसाल, तेव्हा वायफाय बंद करा, सर्वांत साधा मोबाइल असलेल्या उपासिकेच्या हाती आपले संकेतस्थळ द्या आणि घड्याळ लावा. कामाची माहिती दहा सेकंदांत समोर आली नाही, तर पहिली दुरुस्ती त्याच दिवशी सुरू करा.

जय भीम!