धनुष्याची लांबी व ओढभार : वाव, हात आणि पौंड

धनुष्य निवडताना दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. एक, त्याची लांबी. आणि दुसरी, दोरी पूर्ण मागे ओढली असता हातावर येणारा भार. या दुसऱ्या गोष्टीस प्रस्तुत लेखात ‘ओढभार’ असे म्हटले आहे, आणि दोरी जितकी मागे येते त्या अंतरास नुसते ‘ओढ’. या दोन्ही गोष्टी केवळ धनुष्याचे गुणधर्म होत, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः त्या धनुष्य आणि धनुर्धर यांच्यातील संबंध आहेत, व ते संबंध व्यक्त करण्याची सोय आपल्या भाषेतील जुन्या मापशब्दांत उत्तम प्रकारे झालेली आहे. ती कशी, हे येथे दाखवावयाचे आहे.

हा प्रश्न निव्वळ कोशगत कुतूहलाचा नाही. दिंडोरी तालुक्यात मापवाचक शब्दांची नोंद करीत असता एका शिक्षकांनी प्रस्तुत लेखकास एक विकतचे लाकडी धनुष्य दाखविले. त्यावर ‘४० पौंड, २८ इंच’ असा छाप होता. हे सातवीच्या मुलांच्या हाती द्यावे की नाही, असा त्यांचा प्रश्न होता. जवळच बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांस, “बाबा, याचा जोर किती असेल?” असे विचारले, तेव्हा त्यांनी उलट विचारले, “सर, ओढणारा कोण, ते सांगा ना.” शास्त्रीय दृष्टीने पाहता या प्रतिप्रश्नात कोणतीही उणीव काढता येत नाही.

प्रथम शब्दांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. दिंडोरी, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात कोकणा, महादेव कोळी, वारली व भिल्ल या समाजांची वस्ती आहे. तीरकमठा हा शब्द मराठीच्या बऱ्याच मोठ्या प्रदेशात समजतो. ‘कमठा’ किंवा ‘कामठा’ या शब्दाचा संबंध टर्नर यांनी आपल्या भारतीय आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशात ‘कमठ’ म्हणजे बांबू या शब्दाशी जोडला आहे. गुजराती ‘कामठुं’ हे त्याचेच भावंड. म्हणजे वस्तूचे नाव तिच्या द्रव्यावरून पडले. फारसीतून आलेल्या ‘कमान’ शब्दाची वाट निराळी. मराठीत तो धनुष्यापासून दूर जाऊन एकीकडे दरवाज्यावरच्या अर्धवर्तुळास लागला, तर दुसरीकडे घड्याळाच्या स्प्रिंगला. पहिल्या अर्थात धनुष्याचा आकार उरला आणि दुसऱ्यात त्याचा ताण. ‘सज्ज’ या नित्याच्या शब्दातही ‘ज्या’ म्हणजे धनुष्याची दोरी दडलेली आहे असे व्युत्पत्तिकार मानतात. दोरी चढविलेले धनुष्य ते सज्ज. असो.

आता मापांकडे वळू. दोन्ही बाहू आडवे पसरले असता एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे वाव. विहिरीची खोली किंवा दोराची लांबी वावांनी मोजण्याची रीत जुन्या माणसांस परिचित आहे. हा शब्द संस्कृत ‘व्याम’ पासून आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्याम ८४ अंगुळांचा सांगितला असून तो दोर व खणलेल्या खोलीच्या मोजणीसाठी आहे, म्हणजे उपयोगही तोच. २४ अंगुळांचा एक हात धरला तर ८४ अंगुळे म्हणजे साडेतीन हात. मराठी माणूस देहाला ‘साडेतीन हातांचा’ म्हणतो तो याच हिशेबाने. त्याच ग्रंथात ९६ अंगुळांच्या, म्हणजे चार हातांच्या मापास ‘धनुस्’ व ‘पौरुष’ अशी दोन्ही नावे आहेत. धनुष्य आणि पुरुष हे एकाच मापाचे पर्याय ठरावेत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

अग्निपुराणातील धनुर्वेदाच्या भागात पायदळातील धनुर्धरासाठी चार हातांचे धनुष्य उत्तम, साडेतीन हातांचे मध्यम व तीन हातांचे कनिष्ठ सांगितले आहे. हा नियम ठरावीक इंचांत मांडला की निरर्थक होतो. तो ज्याच्या त्याच्या हाताने वाचला पाहिजे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजून पाहिल्यास बहुतेकांची उंची आपल्या साडेतीन व चार हातांच्या दरम्यान भरते. म्हणजे उत्तम धनुष्य धनुर्धराहून किंचित उंच, आणि मध्यम किंचित ठेंगणे. ख्रिस्तोत्तर दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक एरियन याने, अलेक्झांडरचा नौकाधिपती निआर्कस याच्या आधारे, भारतीय पदातीचे जे वर्णन केले आहे त्यातही धनुष्य धरणाऱ्याच्या उंचीइतकेच आहे, व ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाच्या आधाराने ओढले जाते.

लांबीचा हा आग्रह कशासाठी, याचे उत्तर यंत्रशास्त्र देते. अखंड लाकडाचे किंवा बांबूचे धनुष्य ही एक वाकणारी पट्टी आहे. पट्टी आखूड असून ओढ मोठी असेल तर प्रत्येक बोटभर भागाला प्रमाणाबाहेर वाकावे लागते. बाहेरची बाजू फाटते किंवा आतली बाजू चुरगळते. शिवाय दोरीचा कोन उघडत जाऊन शेवटच्या दोन इंचांत भार एकदम चढतो व बोटे चिमटली जातात. उलट धनुष्य फारच लांब असेल तर त्याची जड टोके हलविण्यातच पुष्कळ शक्ती खर्च होते व बाण मंद सुटतो. पण नवशिक्याच्या दृष्टीने दुसरा दोष पहिल्याइतका वाईट नाही. मंद धनुष्य स्थिर असते, आखूड धनुष्य चुकांना क्षमा करीत नाही. म्हणून शंका असेल तेथे चार बोटे अधिक घ्यावीत.

ओढ ठरविण्यासाठी वावेचा उपयोग होतो. इंचांत मोजलेल्या वावेस अडीचने भागले असता ओढीची अजमासे लांबी मिळते. ६६ इंच वाव असलेल्या प्रौढाची ओढ सुमारे साडेसव्वीस इंच. ५४ इंच वाव असलेल्या मुलाची साडेएकवीस. आता शिक्षकांच्या धनुष्यावरील छाप वाचता येईल. २८ इंच हा कारखानदारांनी मानलेला संकेत आहे. तो ७० इंच वावेच्या, म्हणजे सुमारे ५ फूट १० इंच उंचीच्या माणसाच्या ओढीस जुळतो. ४० पौंड, म्हणजे सुमारे १८ किलो, हा भार त्या ओढीवर येतो. अशा धनुष्यात इंचामागे साधारण दोन पौंड कमीजास्त होतात असे धरले, तर ६६ इंच वावेच्या माणसास तेच धनुष्य ३७ पौंडांचे होईल आणि त्या मुलास २७ पौंडांचे. छापलेला आकडा खोटा नाही. परंतु तो दुसऱ्याच कोणाच्या देहाचा आहे. २७ पौंडदेखील बारा-तेरा वर्षांच्या नवशिक्यास जड होत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दोरी नेमकी कोठपर्यंत ओढावयाची हे ठरल्याखेरीज ओढीचा आकडा पुरा होत नाही. संस्कृतात ‘आकर्ण’ ओढण्याची भाषा आहे, तर आधुनिक क्रीडेतील धनुर्धर हनुवटीशी हात थांबवितात. हनुवटीऐवजी कानापर्यंत ओढले की दोन-तीन इंच वाढतात, आणि भारही त्या मानाने वाढतो. शिकविणाऱ्याने एक पद्धत ठरवून तीवरच मोजमाप करावे.

ओढभार किती असावा, याविषयी जुन्या ग्रंथांतील एक मत मला आजच्या कोणत्याही कोष्टकापेक्षा अधिक शहाणपणाचे वाटते. चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरपद्धतीत जो धनुर्वेदाचा भाग आहे त्याचा आशय असा की, धनुष्य आपल्या बाहुबलाहून किंचित उणे असावे. धनुर्धर धनुष्याहून बलवान असलेला बरा, धनुष्य धनुर्धराहून बलवान असलेले नव्हे. आणि धनुष्याने पीडलेल्या माणसास लक्ष्य दिसतच नाही. शेवटची गोष्ट कोणासही पडताळून पाहता येते. भार अधिक झाला की डावा खांदा वर चढतो, मान आखडते, नेम जुळण्यापूर्वीच बोटे सुटतात. मुलगा मग बाण लागत नाही म्हणून नेमाला दोष देतो, व गुरुजी मुलाला.

यापेक्षा गंभीर गोष्ट शरीराची आहे. १५४५ साली बुडालेले ‘मेरी रोझ’ हे इंग्रज युद्धनौकेचे अवशेष १९८२ साली वर काढण्यात आले. त्यांत शंभरांहून अधिक संपूर्ण लाँगबो मिळाले. त्यांची लांबी सहा फुटांहून अधिक असून ओढभाराचा अंदाज सुमारे १०० ते १८० पौंड असा करण्यात आला आहे. त्याच नौकेवरील सांगाड्यांत खांद्याच्या फऱ्याचे टोक मूळ हाडाशी न सांधलेले असण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा जास्त आढळले, आणि वाढीच्या वयापासून भारी धनुष्य ओढण्याशी अभ्यासकांनी त्याचा संबंध लावला. हे टोक विशीच्या सुमारास कोठे पक्के सांधते. शाळकरी मुलाच्या हाती बापाचा कमठा देताना हे विसरू नये.

व्यवहारात बारा ते चौदा वर्षांच्या मुलांस त्यांच्या स्वतःच्या ओढीवर १५ ते २० पौंड, प्रौढ स्त्रियांस आरंभी २० ते २५ व प्रौढ पुरुषांस २५ ते ३५ पौंड पुरेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीसाठी जबर धनुष्य बाळगण्याचे कारणही उरलेले नाही. गवताच्या लक्ष्यात रुतावयास २० पौंडांचा बाण पुरतो. आकड्यांवर विश्वास नसेल तर परीक्षा सोपी आहे. पूर्ण ओढून दहा अंक मोजावेत. हात पाचाच्या आत थरथरला तर धनुष्य जड. दहापर्यंत स्थिर राहून, अशा दहा-बारा ओढी झाल्यावरही खांदा खाली राहिला तर ते योग्य. वृत्तपत्रांत मोठ्या खेळाडूंच्या धनुष्यांचे जे आकडे येतात त्यांच्याशी येथे तुलना करू नये. २०२३ साली बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या आदिती स्वामी व नागपूरचे ओजस देवतळे यांनी वैयक्तिक सुवर्णपदके मिळविली ती कंपाउंड धनुष्यावर. त्याच्या टोकांवरील चाकांमुळे पूर्ण ओढीवर मूळ भाराचा लहानसा अंशच हातावर राहतो. कमठ्याला चाके नाहीत. जो भार येतो तो सर्वच्या सर्व पेलावा लागतो.

ओढभार मोजण्यास महागडे उपकरण नको. धनुष्याची मूठ भिंतीतील भक्कम खुंटीवर आडवी टांगावी, दोरीच्या मध्यात आकड्याचा ताणकाटा अडकवून हळूहळू खाली ओढावे, आणि मुठीपासून दोरीचे अंतर त्या मुलाच्या ओढीइतके झाले की काटा वाचावा. द्राक्षांच्या या तालुक्यात असा काटा शोधण्यास लांब जावे लागणार नाही.

भार अधिक निघाल्यास कमी करता येतो. तो वाढविणे मात्र जवळजवळ अशक्य. पट्टीची ताठरता रुंदीच्या प्रमाणात पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. रुंदी एक दशांशाने घटविली तर भार सुमारे एक दशांशाने उतरतो. जाडी तितकीच घटविली तर सत्तावीस टक्क्यांनी. म्हणून पोटाकडून, म्हणजे ओढणाऱ्याकडील बाजूने, तासताना पातळ कीस काढून पुनःपुन्हा काट्यावर पाहावे. लांबीचेही तसेच : ६६ इंचांचे धनुष्य दोन इंचांनी आखूड केले तर भार साधारण दहा टक्क्यांनी चढतो. टोक तुटले म्हणून कापून पुन्हा खाच पाडणाऱ्यास हा अनुभव येतो, व धनुष्य ‘एकाएकी कडक झाले’ असे वाटते.

बांबू निवडताना मानवेल पत्करावा, कारण तो जवळजवळ भरीव असतो. त्याची हिरवी साल लक्ष्याकडील बाजूस राहिली पाहिजे. ताण सोसते ती तीच. जुने ग्रंथ तीन, पाच, सात किंवा नऊ पर्वांचे धनुष्य घ्यावे, सम संख्येचे टाळावे असे सांगतात. यात शुभाशुभाचा भाग असेल; परंतु विषम संख्येत एक पर्व बरोबर मुठीत येऊन दोन्ही बाजू सारख्या राहतात, हेही खरे. अपक्व, अतिजीर्ण व भाजलेला बांबू त्यांनी वर्ज्य मानला आहे, ते सर्वथा योग्य. दोरीच्या द्रव्यांत अर्थशास्त्र वेळूचाही उल्लेख करते, आणि भिल्लांच्या कमठ्याची दोरी बांबूच्याच सालीच्या पातळ पट्टीची असे, हे जुन्या वर्णनांवरून ज्ञात आहे.

बांबू हवेतील ओलावा घेतो व सोडतो. आषाढात मोजलेला भार वैशाखात तोच राहत नाही; उन्हाळ्यात धनुष्य ताठर व ठिसूळ होते, पावसाळ्यात शिथिल. तेव्हा मोजणी प्रत्येक ऋतूत एकदा करावी, दोरी कामापुरतीच चढवावी, आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये. बाणाने न्यावयाची शक्ती अशा वेळी धनुष्याच्या अंगातच उलटते, आणि उत्तम मापाचा कमठाही एका झटक्यात मोडतो. फार हलका बाणही थोड्याफार प्रमाणात हेच करतो. म्हणून ओढभाराच्या दर पौंडामागे बाणाचे वजन अर्ध्या ग्रॅमहून कमी नसावे. २० पौंडांच्या कमठ्यास १० ते १२ ग्रॅमचा बाण बेताचा होतो.