बाबासाहेबांचा रुपया आणि मोबाईलमधले नाणे

गेल्या वर्षावासातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या विहारात ग्रंथवाचन संपले, सरणत्तय झाले, खीरदानाचे पातेले पुढे आले आणि एक तरुण उठून उभा राहिला. वस्तीतलाच, आमच्या डोळ्यांदेखत वाढलेला. सर्वांना सप्रेम जयभीम करून त्याने दहा मिनिटे मागितली. म्हणाला, बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. वाटेल तितके चलन काढण्याचा अधिकार सरकारच्या हाती असला की गरीब मरतो, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवले. जगाला ते आता कळू लागले आहे. मग त्याने मोबाईल उंचावला. हे नाणे मर्यादित आहे, याच्यावर ना सरकारचा ताबा, ना बँकेचा, ना सावकाराचा. महिन्याला ८ टक्के परतावा, आणि तीन माणसे जोडली की त्याचे वेगळे. आपल्या समाजाचा पैसा आपल्याच समाजात फिरेल!

टाळ्या पडल्या. मी तिथेच, दुसऱ्या रांगेत बसलो होतो. मी वर्तमानपत्रात लिहितो, जयंतीला चार ठिकाणी भाषणे करतो. ८ टक्के कुठून येणार, एवढा एकच प्रश्न विचारायचा होता. विचारला नाही. विहारात, बाबासाहेबांचे नाव घेऊन बोलणाऱ्या आपल्याच पोराला चारचौघांत कसे अडवायचे, असे वाटले. माझ्यामागे एक मावशी बसल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याने महापालिकेत तीस वर्षे रस्ते झाडले आणि निवृत्तीनंतर दोन वर्षांत तो गेला. त्याच्या ग्रॅच्युइटीचे पैसे मावशींनी पोस्टातून काढून त्या नाण्यात घातले. माघ संपायच्या आत ते अ‍ॅप उघडायचे बंद झाले.

तो तरुण ज्या ग्रंथाचे नाव घेत होता, त्यात खरोखर काय आहे ते आधी पाहू, कारण अर्धे सत्य पूर्ण खोट्यापेक्षा जास्त खपते. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा लंडनच्या डी.एस्सी.साठी लिहिलेला प्रबंध. चलन किती काढायचे हे राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडू नये, असे बाबासाहेबांनी त्यात मांडले हे खरेच. केन्ससारखा अर्थशास्त्रज्ञ ज्या विनिमय पद्धतीची पाठराखण करत होता, तिच्यावर त्यांनी निर्भीडपणे टीका केली. पण ही टीका कशासाठी होती? रुपयाची खरेदीची ताकद देशाच्या आत स्थिर राहावी यासाठी. रुपयाचा भाव उतरला की व्यापाऱ्याला जो नफा होतो तो आकाशातून पडत नाही, मजुराच्या ताटातून जातो, कारण महागाई आधी वाढते आणि मजुरी मागून रांगत येते. बाबासाहेबांच्या डोळ्यांपुढे तो मजूर होता. आता बिटकॉईनकडे पाहा. त्याची संख्या २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाही, हे खरे. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये जे नाणे ६९ हजार डॉलरच्या घरात होते, ते वर्षभरात १६ हजारांच्या आसपास आले. मजुराची बचत ज्यात वर्षात पाऊण बुडते, त्याला बाबासाहेबांचे स्वप्न म्हणणे हा बाबासाहेबांच्या अभ्यासाचा अपमान आहे. आणि हे अस्सल नाण्याचे झाले. त्या तरुणाने दाखवले ते नाणे बिटकॉईनसुद्धा नव्हते.

बिटकॉईन २००९ पासून चालू आहे, त्याच्या मागचे तंत्रज्ञान खरे आहे, जगभर लोक ते घेतात-विकतात. मी त्याला फसवणूक म्हणत नाही. फसवणूक त्याच्या सावलीत उभी राहते. त्या सावलीला महाराष्ट्राने चांगलेच ओळखायला हवे होते, कारण देशातले यातले सर्वात गाजलेले प्रकरण पुण्यात उघडकीस आले. ‘गेनबिटकॉईन’ ही योजना अमित भारद्वाजने २०१५ च्या सुमारास काढली. तुम्ही बिटकॉईन द्या, आम्ही संगणक लावून नवीन नाणी काढू आणि तुम्हाला दरमहा १० टक्के याप्रमाणे १८ महिने बिटकॉईन परत देऊ. म्हणजे एक दिले की १.८ मिळणार! साखळी पद्धतीने माणसे जोडणाऱ्यांना वर दलाली. २०१७ साली बिटकॉईनचा भाव वर्षभरात हजार डॉलरवरून वीस हजारांजवळ गेला. ज्याने बिटकॉईन द्यायचे कबूल केले होते, त्याचे बिंग आता फुटणारच होते. मग त्याने काय केले? बिटकॉईनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे स्वतःच काढलेले नाणे लोकांच्या हातावर ठेवले. त्याला बाहेर कुणी विचारत नव्हते. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्याला अटक केली, जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला, डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातले गुन्हे सीबीआयकडे दिले. ईडीच्या म्हणण्यानुसार लोकांकडून गोळा झालेल्या बिटकॉईनची २०१७ सालची किंमतच ६,६०० कोटी रुपये होती. याच प्रकरणात पोलिसांनी मदतीला घेतलेला एक सायबर तज्ज्ञ आणि एक माजी आयपीएस अधिकारी यांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. तपासात हाती आलेली नाणी त्यांनी स्वतःकडे वळवली, असा आरोप. कुंपणाने शेत खाल्ल्याची तक्रार कुठल्या पाटलाकडे करायची?

दुसरे उदाहरण ‘वनकॉईन’चे. बल्गेरियातल्या रुजा इग्नातोवाने २०१४ मध्ये ते काढले. या नाण्याला बिटकॉईनसारखी खरी नोंदवहीच नव्हती. कंपनीच्या संगणकावर कुणीतरी आकडा वाढवायचा आणि जगभरच्या माणसांनी आपण श्रीमंत झालो असे समजायचे. विकले काय जायचे, तर ‘शैक्षणिक पॅकेज’! शिका या शब्दाचा एवढा घाणेरडा वापर दुसरा सापडणार नाही. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबईत त्यांच्या प्रचारसभेवर छापा पडला आणि १८ जण पकडले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाई बेपत्ता झाल्या. अमेरिकेच्या एफबीआयने २०२२ साली त्यांचे नाव दहा सर्वाधिक हव्या असलेल्या गुन्हेगारांच्या यादीत टाकले. अमेरिकी सरकारच्या आरोपानुसार लूट ४०० कोटी डॉलरची.

मग माणूस शिकत का नाही? आपले विचारवंत म्हणतात, लोभ. हे उत्तर मला मान्य नाही. ज्याच्या बापाची जमीन आहे, ज्याचे मामा-काका शेअर बाजारात आहेत, त्याचा लोभ सुरक्षित असतो, कारण त्याला सल्ला द्यायला घरातच माणूस बसलेला असतो. आपल्यातल्या बहुतेकांची पगाराची ही पहिली किंवा दुसरी पिढी. बँकेत कर्ज मागायला गेले की तारण मागतात. पोस्टाच्या व्याजातून पोरीचे इंजिनिअरिंग होत नाही. सरकारी नोकऱ्या आटल्या, कंत्राटदारी आली. अशा माणसाला कुणी सांगितले की तीन वर्षांत घर होईल, तर त्याच्या मनात जे जागे होते त्याला लोभ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि पहिला परतावा खरोखर मिळतो, हे लक्षात घ्या. अमेरिकेत १९२० साली चार्ल्स पॉन्झी ४५ दिवसांत ५० टक्के देत होता, आणि सुरुवातीला त्याने दिलेही. पैसे मागून येणाऱ्यांचे, हात पुढच्यांचे. ज्याला पहिले तीन हप्ते मिळाले तो खोटे बोलत नसतो. तो मनापासून सांगतो, आणि म्हणूनच तो जाहिरातीपेक्षा घातक असतो. आपल्याकडे माल तेवढा बदलत गेला. कधी सागाची झाडे, कधी शेळ्या-गायी, कधी जमीन. पर्ल्सच्या पीएसीएल कंपनीने जमिनीच्या नावावर सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये गोळा केल्याचे सेबीने ऑगस्ट २०१४ च्या आदेशात म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत टोरेसचे दुकान बसले. तिथे खडे आणि दर आठवड्याचे व्याज होते, आणि फिर्याद द्यायला पुढे आला तो दादरचा भाजीविक्रेता.

साखळीचा हिशोब चौथीतल्या पोराला येतो. एकाने दहा जोडले, त्या प्रत्येकाने दहा. आठव्या पायरीला एकूण ११ कोटी ११ लाख माणसे होतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, पाळण्यातली बाळे धरून. नववी पायरी कुठून आणणार?

पण हिशोब मांडायला कुणी धजत नाही, आणि माझ्या मते या सगळ्याचे मूळ तिथे आहे. कालाम सुत्त आपण सर्वांनी ऐकलेले असते. सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले, हे आपण व्याख्यानात अभिमानाने सांगतो. आणि बाहेर येऊन जयभीम म्हणणाऱ्या माणसाला प्रश्न विचारणे म्हणजे चळवळीशी गद्दारी समजतो. हा धंदा करणारे मूर्ख नाहीत. ते गुजराती माणसाकडे गुजराती पाठवतात, चर्चमध्ये ख्रिस्ती पाठवतात, माळकऱ्याकडे माळकरी, आणि आपल्याकडे बिल्ला लावलेला आपला पोरगा.

या बाजारात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्यांना काही गोष्टी सांगायच्या आहेत. ज्याचा भाव रोज वर-खाली होतो त्यावर दरमहा ठरलेला परतावा देतो असे कुणी म्हणाले, की पुढे ऐकायची गरज नाही. ते वाक्यच खोटेपणाचा पुरावा आहे. नवीन माणूस जोडला नाही तर मला काय मिळेल, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आले तर उठा. व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर आलेल्या लिंकवरून अ‍ॅप घेऊ नका. त्यातला आकडा म्हणजे पैसा नव्हे, आकडा कुणीही टाईप करू शकतो. पैसे कुणा व्यक्तीच्या यूपीआयवर मागत असतील आणि दर वेळी नाव वेगळे असेल, तर ती भाड्याची खाती आहेत. हजार-दोन हजार परत काढता आले म्हणून हुरळू नका, तो गळाला लावलेला मासा असतो. सगळी रक्कम काढायला गेलात आणि ‘आधी कर भरा’ असे सांगितले, तर तिथे आणखी एक रुपयाही देऊ नका. आपल्याकडे टीडीएस रकमेतून कापला जातो, तो अ‍ॅपवाल्याला वेगळा पाठवावा लागत नाही. खात्याचे बारा किंवा चोवीस शब्दांचे गुपित कुणालाही, अगदी ‘कस्टमर केअर’लाही सांगू नका. आणि उसने काढून, दागिने मोडून या वाटेला जाऊ नका.

एक्स्चेंज सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदलेले आहे का, ते जरूर पाहा. पण ती नोंदणी काळ्या पैशाला आळा घालण्यासाठी आहे, तुमच्या पैशाची हमी नाही. वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून जुलै २०२४ मध्ये सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून पडले. १ एप्रिल २०२२ पासून सरकार या नफ्यावर ३० टक्के कर घेते, तोट्याची वजावट देत नाही, पण बँकेतल्या ठेवीला असते तसे विम्याचे संरक्षण इथे नाही. वसुलीला मालक, जबाबदारीला बेवारस!

तरुणांनो, तुमच्यासाठी एक वेगळी गोष्ट. पाच-दहा हजारांसाठी आपले बँक खाते आणि सिमकार्ड ‘वापरायला’ देणारी मुले वस्त्यांमध्ये वाढली आहेत. लुटीचा पैसा त्या खात्यातून जातो, सूत्रधार परदेशात राहतो आणि बेड्या तुमच्या हातात पडतात. परदेशातल्या संगणकाच्या नोकरीच्या आमिषाने नेलेली मुले म्यानमारच्या सीमेवर कोंडून, त्यांच्याकडून हीच फसवणूक करून घेतली गेली. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारला विमाने पाठवून पाचशेहून अधिक जणांना सोडवून आणावे लागले.

पैसे गेल्याचे कळताच त्याच तासाला १९३० वर फोन करा. पैसा अजून एखाद्या बँकेत असेल तर तो गोठवता येतो. नाण्यात रूपांतर होऊन बाहेर गेला की परत येणे फार कठीण. ‘बुडालेले पैसे काढून देतो’ म्हणून फोन करणारा त्याच टोळीचा असतो. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, बेकायदा ठेव योजनांविरुद्ध केंद्राचा २०१९ चा आहे. पण तक्रारच नसेल तर कायदा कपाटात राहतो. तक्रार का होत नाही? कारण ज्याने आपल्याला जोडले तो भाऊ असतो, आणि आपण ज्यांना जोडले ती बहीण असते. पोलीस ठाण्याची पायरी चढली की घरातलेच माणूस अडकेल, ही भीती.

मावशींचेही तेच झाले. त्या तरुणाने विहारात येणे सोडले आहे. लोक त्याच्या नावाने बोटे मोडतात. त्याने स्वतःच्या आईचे डोरले मोडून त्यात घातले होते, हे फार कमी जणांना ठाऊक आहे. त्याला जोडणारा माणूस नागपूरचा की नाशिकचा, हेही त्याला नीट माहीत नाही, फोनवरच भेट. पण पैसे पाठवल्याचे सगळे क्रमांक, सगळे संदेश त्याच्याच मोबाईलमध्ये आहेत. तो आरोपी म्हणून पळत राहिला तर ते पुरावे त्याच्याबरोबर जातील. समाजाने त्याला हाकलायचे की साक्षीदार म्हणून हाताला धरून ठाण्यात न्यायचे, यावर विहार समितीत दोन रविवार वाद झाला.

परवा मावशी त्याच्या आईकडे गेल्या. काय बोलणे झाले ते कुणाला कळले नाही. येत्या सोमवारी त्या दोघी त्याला घेऊन आर्थिक गुन्हे शाखेत जाणार आहेत. अर्ज लिहून द्यायचे काम माझ्याकडे आले आहे.