रक्ताचे नाते आणि मूत्रपिंडाचे दान

जळगाव-धुळ्याकडील एखाद्या घरात कर्त्या माणसाची मूत्रपिंडे निकामी झाली, की डायलिसिसच्या फेऱ्या सुरू होतात आणि लवकरच प्रश्न उभा राहतो : मूत्रपिंड कोण देणार? अवयवांचा बाजार रोखण्यासाठी १९९४ च्या कायद्याने जवळच्या नातलगांच्या दानाला प्राधान्य दिले, ते रास्तच होय. रक्ताच्या नात्यात ऊतकांचा मेळही बहुधा चांगला बसतो. १९५४ साली बॉस्टनमध्ये यशस्वी झालेले पहिले प्रत्यारोपण जुळ्या भावांमधलेच होते.

परंतु जे रक्त मेळ घालते, तेच कधी रोगही वाहून आणते. पॉलिसिस्टिक किडनी या विकारात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी वाढत जातात. आईवडिलांपैकी एकाला तो असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव निम्मा असतो. चाळिशीनंतरची निर्दोष सोनोग्राफी दात्याला बहुतांशी निःशंक करते. विशीतील भावाविषयी मात्र ती पुरेशी ग्वाही देत नाही. आणि घर पुढे करते ते नेमके त्यालाच! अल्पोर्ट विकारात तर मुलासाठी सरसावणारी आईच पुष्कळदा त्या दोषाची वाहक असते.

नॉर्वेतील १,९०१ दात्यांच्या २०१४ मधील अभ्यासात ९ जणांची मूत्रपिंडे पुढे निकामी झालेली आढळली. ते सर्व रुग्णांचे रक्ताचे नातलग होते. तेथील बहुतेक दाते नातलगच होते आणि धोक्याचे प्रमाण अल्प आहे, हे मान्य केले तरी सावधगिरीची गरज उरतेच.

राज्य सरकारने २०२३ मध्ये जनआरोग्य योजनेतील मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा २.५ लाखांवरून ४.५ लाख रुपये केली. पण हिशेब शस्त्रक्रियेपाशी थांबला आणि वीस वर्षांनी त्याच घरात दुसरा रुग्ण निर्माण झाला, तर ती बचत नव्हे, लांबणीवर टाकलेले कर्जच ठरेल.

म्हणून दात्याची निवड करण्यापूर्वी तीन पिढ्यांचा आजार-इतिहास नोंदविला जावा. शंका असेल तेथे जनुकीय चाचणी सार्वजनिक खर्चाने व्हावी. दात्याचा रक्तदाब, लघवी व क्रिएटिनिन यांची वार्षिक तपासणी धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत व्हावी. दाता व रुग्ण यांचा मेळ न बसल्यास दोन कुटुंबांनी दात्यांची अदलाबदल करण्याची वाट २०११ च्या दुरुस्तीने खुली केलीच आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दात्याला त्याचा धोका एकांतात सांगितला जावा. सासर-माहेरच्या नजरांखाली दिलेला होकार हा खरा होकार नव्हे. दान थोर असतेच. पण ते डोळसपणे झाले, तरच ते दान.