मेंदू जागा आहे, शासन केव्हा जागे होणार?

एखाद्याला अर्धांगवायू झाला की आपल्याकडे 'अंगावरून वारं गेलं' असे म्हणतात. वारे गेले म्हणजे बाधा झाली, करणी झाली, देवीचा कोप झाला. मग अंगारे, उतारे, नवस सुरू होतात. त्यात होता नव्हता तो पैसा संपला की शेवटचा निकाल ठरलेला असतो: गेल्या जन्मीचे पाप आहे, ते भोगूनच फिटायचे! माळशिरस तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर हे आजही ऐकू येते. दुःख याचे की ज्या घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आहेत, तिथेही ते ऐकू येते.

विज्ञान याबाबत काय सांगते? १८७० साली फ्रिट्श आणि हिट्झिग या दोन जर्मन संशोधकांनी कुत्र्याच्या मेंदूच्या एका ठरावीक भागाला विजेचा सौम्य प्रवाह दिला. त्याबरोबर शरीराच्या विरुद्ध बाजूचे स्नायू हलले. हालचालीचा हुकूम मेंदूच्या या पट्ट्यातून सुटतो. त्याला मोटर कॉर्टेक्स म्हणतात. हा हुकूम मज्जारज्जूच्या वाटेने हातापायांपर्यंत पोहोचतो. कधी हे केंद्रच निकामी होते. पण पुष्कळदा केंद्र शाबूत असते आणि वाट तेवढी तुटलेली असते. हात हलत नाही, पण हात हलवण्याचा हुकूम मेंदू देतच असतो.

हा हुकूम थेट मेंदूतूनच वाचता येईल का? १९८०च्या दशकात अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अपोस्टोलोस जॉर्गोपोलस यांनी माकडांवर अभ्यास केला. हालचालीच्या केंद्रातील प्रत्येक पेशीचा कल एका दिशेकडे अधिक असतो आणि अनेक पेशींची मते एकत्र मोजली की हात कुठे जाणार ते कळते, असे त्यांनी दाखवून दिले. त्याच धाग्यावर 'ब्रेनगेट' हा प्रयोग उभा राहिला. कॅथी हचिन्सन या अमेरिकन बाईंना पक्षाघात होऊन हातपाय आणि वाचा गेली होती. त्यांच्या मेंदूत औषधाच्या लहान गोळीएवढी, ९६ सूक्ष्म विद्युत्-टोके असलेली पट्टी बसवली गेली. २०११ साली त्यांनी केवळ मनात आणून यांत्रिक हाताने कॉफीची बाटली उचलली, तोंडाशी आणली आणि नळीने कॉफी प्याली. आजारानंतर तब्बल पंधरा वर्षांनी! २०२१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लकवा झालेल्या माणसाने मनात लिहिलेली अक्षरे मिनिटाला ९० या वेगाने पडद्यावर उमटवून दाखवली. २०२४ साली कॅलिफोर्नियात एएलएस या रोगामुळे बोलणे कोणालाच कळेनासे झालेल्या माणसाचे शब्द संगणकाने ९७ टक्क्यांपर्यंत अचूक ओळखले.

हे सारे अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे. कवटी उघडावी लागते, जंतुसंसर्गाची भीती असते, खर्च प्रचंड असतो. उद्या कोणी अकलूजला किंवा सोलापूरला 'मेंदूत चिप बसवून चालते करतो' म्हणून पैसे मागू लागला, तर तो अंगारे देणाऱ्याचाच भाऊबंद समजावा.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. ऑक्टोबर २०२०. आदिवासींच्या हक्कांसाठी आयुष्य वेचलेले ८३ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी यांना भीमा कोरेगाव–एल्गार प्रकरणात अटक करून तळोजा तुरुंगात ठेवले गेले. त्यांना पार्किन्सन होता. हात थरथरत असल्याने पेला धरता येत नव्हता. नळी आणि झाकणाचा पेला मिळावा म्हणून त्यांनी ६ नोव्हेंबरला न्यायालयात अर्ज केला. उत्तर द्यायला राष्ट्रीय तपास यंत्रणेने वीस दिवस मागितले! ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची वाट पाहत त्यांनी प्राण सोडला. तिकडे एका बाईला नळीने घोटभर कॉफी पिता यावी म्हणून शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे राबले. इकडे चार आण्याच्या नळीसाठी एका वृद्धाला न्यायालयाची पायरी चढावी लागली. यंत्र नव्हते म्हणून हे झाले काय? नाही, करुणा नव्हती म्हणून झाले.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत का नाकारला, ते इथे कळते. माणसाचे दुःख त्याच्याच मागल्या पापाचे फळ ठरवले की राज्य आणि समाज जबाबदारीतून मोकळे होतात, हे त्यांनी ओळखले होते. उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला, विहिरीच्या कामावर पडलेला मजूर खाटेला खिळतो, तेव्हा 'नशीब' हा शब्द मालकाच्या, मुकादमाच्या आणि शासनाच्या सोयीचा असतो.

कायदा मात्र नशीब मानत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २४ मध्ये उत्पन्नाच्या मर्यादेत साधने, औषधे आणि शस्त्रक्रिया मोफत देण्याची तरतूद आहे. कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारती नियम झाल्यापासून पाच वर्षांत दिव्यांगांना सुगम करायच्या होत्या. ही मुदत २०२२ मध्येच संपली. आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत, दवाखान्यात, शाळेत चाकाची खुर्ची आत जाते का, ते स्वतः जाऊन पाहा. मोटार अपघातात अपंगत्व आले तर कमाईची क्षमता किती गेली ते पाहून भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालात सांगितले. काजल विरुद्ध जगदीशचंद (२०२०) मध्ये मदतनिसाचा आयुष्यभराचा खर्चही धरला. मात्र २०२२ पासून असा दावा सहा महिन्यांत दाखल करण्याची अट कायद्यात आली आहे. देवऋषाकडे गेलेले महिने परत मिळत नाहीत.

आणखी एक सावधगिरी. मेंदू वाचणारे यंत्र आज ना उद्या इथे येईलच. तेव्हा प्रयोगासाठी शरीर गरिबाचे आणि फायदा श्रीमंताचा असे होता कामा नये. कलम ६ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीवर तिच्या मुक्त, माहितीपूर्ण संमतीशिवाय संशोधन करता येत नाही. त्याला मंजुरी देणाऱ्या समितीत किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या संस्थांचे असावे लागतात. सेल्वी (२०१०) निकालात सर्वोच्च न्यायालयाने संशयिताच्या मेंदूची चाचणी त्याच्या संमतीशिवाय करण्यास मनाई केली. हे दोन आधार आपण पाठ करून ठेवले पाहिजेत.

प्रत्येक विहार समितीने एका पौर्णिमेला एवढेच करावे. वस्तीत खाटेला खिळलेले किती, प्रमाणपत्र किती जणांकडे आहे, खुर्ची किती जणांना मिळाली, दावा किती जणांचा राहिला, याची यादी करावी आणि ती घेऊन तहसील कार्यालयावर जावे. चिप यायला वेळ लागेल. खुर्ची, उतार आणि नळी द्यायला लागत नाही.