रविवार रात्रीच्या गाड्या आणि कौन्सिलचा कागद

आमच्या घराच्या मागे एक रिटेल पार्क आहे. दिवसा तिथे फर्निचर, बूट-चपला, कुत्र्यामांजरांचे खाणे अशी दुकाने चालतात. रविवारी संध्याकाळी दुकाने बंद झाली की कारपार्क मोकळा पडतो, आणि दहाच्या सुमारास पहिली गाडी येते. अर्ध्या तासात तीस-चाळीस जमतात. मग उभ्या गाडीचे इंजिन ताणून काढलेला आवाज, सायलेन्सरमधून बंदुकीसारखे निघणारे बार, गोल गोल फिरवलेल्या गाड्यांच्या टायरांच्या किंकाळ्या. सौ.ला सकाळच्या ड्यूटीसाठी पावणेसहाला घर सोडावे लागते. तिची झोप आणि माझा रक्तदाब या दोन्हींचा रविवारशी संबंध जुळला होता.

गेल्या वर्षी कौन्सिलचे पत्र आले. या परिसरातील मोटारींच्या मेळाव्यांविरुद्ध एक आदेश काढण्याचा विचार आहे, रहिवाशांनी मत कळवावे, असा मजकूर होता. मी उत्साहाने पेन उघडले. तेवढ्यात आमचे एकोणीस वर्षांचे चिरंजीव जिन्यावरून म्हणाले, "बाबा, लिहायच्या आधी एक सांगतो. मीपण जातो तिथे."

"तू? आणि करतोस काय?"

"काही नाही. उभा राहतो. गाड्या बघतो."

त्या रात्री फॉर्म तसाच राहिला. तक्रार करणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तो, दोघे एकाच छपराखाली आहेत हे कळल्यावर मी आधी कायदा नीट वाचायचे ठरवले. तो वाचताना जे समजले ते इथे मांडतो आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता गाडी चालवण्याच्या वयाची मुले आहेत, आणि अनेकांची घरे अशाच कारपार्कांच्या मागे आहेत.

पहिली गोष्ट ही की मोटारींचा मेळावा भरवणे हा मुळात गुन्हा नाही. या देशात ही हौस जुनी आहे. १९६० च्या दशकात लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरच्या 'एस कॅफे'पाशी मोटरसायकलवाली पोरे जमत, तेव्हाही शेजारी आणि वर्तमानपत्रे त्यांच्या नावाने खडे फोडत असत. १९९३ मध्ये निघालेल्या 'मॅक्स पॉवर' मासिकाने सजवलेल्या छोट्या गाड्यांचे वेड एका पिढीला लावले. मासिक २०११ मध्ये बंद पडले, वेड राहिले. बहुतेक मेळाव्यांत मुले बॉनेट उघडून एकमेकांची इंजिने पाहतात, बर्गर खातात आणि घरी जातात.

पण बाकीच्यांचे काय होते तेही पाहायला हवे. १८ जुलै २०१९ रोजी स्टीव्हनेजमध्ये अशा मेळाव्याच्या वेळी दोन गाड्यांची टक्कर होऊन त्या प्रेक्षकांत घुसल्या. पंधराहून अधिक माणसे जखमी झाली. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री बर्मिंगहॅमजवळच्या ओल्डबरी गावात एका चालकाचा ताबा सुटला आणि रस्त्याकडेला उभे असलेले दोघे ठार झाले. एक एकोणीस वर्षांचा मुलगा, दुसरी सोळा वर्षांची मुलगी. ती दोघेही गाडी चालवत नव्हती. 'नुसती उभी' होती. चिरंजीवांचे वाक्य मला तेव्हा पुन्हा आठवले.

आता कौन्सिल काय करू शकते? इथे आपला बहुतेकांचा एक गैरसमज असतो. गाडी बेफाम चालवणे, रस्त्यावर शर्यत लावणे हे १९८८ च्या रोड ट्रॅफिक कायद्याखालचे गुन्हे आहेत आणि ते पोलिसांच्या अखत्यारीत येतात. कौन्सिलचा माणूस चालती गाडी थांबवू शकत नाही. तो अधिकार गणवेशातल्या पोलिसाला. कौन्सिलच्या हाती येतो तो 'समाजाला उपद्रव' या सदरातला भाग. त्यासाठी २०१४ च्या एका कायद्याने 'पब्लिक स्पेसेस प्रोटेक्शन ऑर्डर' हे साधन दिले. लांबलचक नावामुळे सगळे त्याला पीएसपीओ म्हणतात.

हा आदेश काढण्याआधी कौन्सिलला काही गोष्टींची खात्री पटावी लागते. त्या वागण्याचा परिसरातील लोकांच्या जगण्यावर वाईट परिणाम झालेला असला पाहिजे, किंवा होण्याची शक्यता असली पाहिजे. ते वागणे एखाद्या रात्रीपुरते नसून सातत्याचे हवे, अवाजवी हवे, आणि घातलेले निर्बंध त्या मानाने रास्त हवेत. पोलिसांशी आणि परिसरातील योग्य वाटतील त्या प्रतिनिधींशी सल्लामसलत सक्तीची आहे. बोलण्याच्या आणि एकत्र जमण्याच्या स्वातंत्र्याचा विशेष विचार करावा, असेही कायदा सांगतो. २०१४ च्या कायद्याने आदेशाची कमाल मुदत तीन वर्षे ठेवली, ती पुढे वाढवता येते. तिथे राहणाऱ्या, काम करणाऱ्या किंवा नेहमी येणाऱ्या कोणालाही सहा आठवड्यांच्या आत हाय कोर्टात तो आव्हानता येतो.

'सार्वजनिक जागा' याचा अर्थ इथे व्यापक आहे. लोकांना जिथे परवानगीने, पैसे देऊन किंवा न देता, जाता येते ती जागा. म्हणून जमीन खाजगी मालकीची असली तरी रिटेल पार्कचा कारपार्क त्यात बसतो. "ती कौन्सिलची जागा नाही, आम्ही काय करणार?" असे उत्तर मला पूर्वी फोनवर मिळाले होते. ते अपुरे होते हे वाचल्यावर कळले.

आदेश मोडला तर जागच्या जागी दंडाची नोटीस मिळते. २०१४ च्या कायद्याने तिची मर्यादा १०० पौंड ठेवली. ती ५०० करण्याची तरतूद २०२५ मध्ये संसदेत आलेल्या विधेयकात होती. प्रकरण कोर्टात गेले तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आदेशात सहसा काय लिहिलेले असते? इंजिन ताणणे, हॉर्न वाजवणे, मोठ्याने संगीत लावणे, शर्यत, कसरती, रस्ता अडवणे. काही आदेशांत मेळावा भरवणारे आणि पाहायला येणारेही येतात. म्हणून प्रत्येक गावाच्या आदेशाचा मजकूर वेगळा वाचावा लागतो. एका गावात जे चालते त्याला शेजारच्या गावात दंड होऊ शकतो.

याहून कडक साधन म्हणजे हाय कोर्टाचा मनाई हुकूम. वुल्व्हरहॅम्प्टन, डडली, सँडवेल आणि वॉल्सॉल या 'ब्लॅक कंट्री'तल्या चार कौन्सिलांनी एकत्र येऊन तो २०१५ पासून लागू केला होता. त्याची मुदत २०२१ मध्ये संपली. डिसेंबर २०२२ मध्ये नवा तात्पुरता हुकूम मिळाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो कायम झाला. ओल्डबरीचा अपघात या मधल्या काळातला. हुकूम असता तर तो टळला असता, असे मात्र कोणी म्हणू नये. कागद गाडीला ब्रेक लावत नाही. दुपारी तीन ते सकाळी सात या वेळेत दोन किंवा अधिक माणसांनी जमून गाड्यांच्या कसरती केल्या की त्या हुकुमाचा भंग होतो. हुकूम मोडणे हा कोर्टाचा अवमान, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

यात एक कायदेशीर पेच होता. ज्यांची नावेच माहीत नाहीत, जे उद्या पहिल्यांदाच तिथे येतील, त्यांना आज हुकूम कसा लागू करायचा? भटक्या जमातींच्या तळांसंबंधी झालेल्या एका खटल्यात २९ नोव्हेंबर २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितले की असा हुकूम देता येतो. मात्र त्याची निकड ठामपणे सिद्ध व्हावी, जागा आणि मुदत यांना मर्यादा असावी, आणि ज्यांना तो लागू होईल त्यांना आपले म्हणणे मांडायची वाट असावी. हे मला महत्त्वाचे वाटते. शेजाऱ्याची झोप मोलाची आहेच, पण कोर्टात हजर नसलेल्या माणसाचे हक्कही तितकेच मोलाचे.

आता आईवडिलांनी लक्ष द्यावे अशी बाब. २००२ च्या पोलिस रिफॉर्म कायद्यातले कलम ५९ असे की निष्काळजी किंवा बेपर्वा चालवण्याने लोकांना त्रास झाला, तर पोलिस गाडी उचलून नेऊ शकतात; मूळ कलमानुसार त्याआधी ताकीद दिलेली असणे आणि बारा महिन्यांत पुन्हा तसेच घडणे आवश्यक होते. ही ताकीद माणसामागे चालत राहते, गाडी बदलली म्हणून ती पुसली जात नाही. मुलाला मित्राच्या गाडीत ताकीद मिळाली आणि सहा महिन्यांनी त्याने तुमची गाडी नेऊन तोच प्रकार केला, तर जाईल ती तुमची गाडी. सोडवून आणायचा खर्चही तुमचाच. शिवाय लायसन्स मिळून दोन वर्षे झाली नसतील तर सहा पॉइंटांवर ते रद्द होते. आणि सायलेन्सर बदलल्याचे विमा कंपनीला कळवले नसेल, तर विमा ऐन वेळी हात वर करू शकतो. आमच्या घरी या तीन गोष्टी जेवणाच्या टेबलावर सांगितल्या, तेव्हा प्रथमच कोणी मोबाइल बाजूला ठेवला.

या उपायांचा उपयोग होतो का? होतो, पण अर्धा. आमच्याकडे आदेश निघाला आणि काही रविवार शांततेत गेले. मग आवाज रिंगरोडच्या पलीकडून येऊ लागला. तिथे दुसऱ्या कौन्सिलची हद्द सुरू होते. चार कौन्सिलांनी एकत्र हुकूम का घेतला असेल ते तेव्हा उमगले. आमच्याकडे जास्त फरक पडला तो साध्या गोष्टींनी: रात्री बंद होणारे फाटक, प्रवेशावर उंचीचा अडसर, फरशीवर दोन-चार उंचवटे. हे काम जागेच्या मालकाचे. तिथल्या व्यवस्थापनाने वर्षभर टाळाटाळ केली होती. कौन्सिलच्या पत्रानंतर महिनाभरात फाटक बसले.

दुसरा अनुभव असा की आदेशाला पुरावा लागतो. आपली माणसे भिशीत, मंडळाच्या पार्टीत, फोनवर भरपूर तक्रार करतात, पण कौन्सिलकडे ओळभर लिहीत नाहीत. "आपल्याला काय करायचंय? उगाच नाव कशाला?" नोंद नसलेला त्रास कौन्सिलच्या दृष्टीने झालेलाच नसतो. तारीख, वेळ, काय घडले, किती वेळ चालले, एवढे चार रकाने वहीत लिहून ठेवले तरी पुरते. अंगावर येऊन फोटो काढायची किंवा मुलांशी हुज्जत घालायची गरज नाही. धोका दिसला तर ९९९, नाहीतर १०१.

मी फॉर्म शेवटी भरला. त्यात दोन गोष्टी लिहिल्या. आदेश जरूर काढा, पण तो वागण्याविरुद्ध असू द्या, जमण्याविरुद्ध नको. टोपीवाल्या, सावळ्या चार पोरांनी गाडीला टेकून चहा प्यायला तर तो उपद्रव नव्हे, आणि दंडाची वही हाती असलेल्याला हे आदेशातच स्पष्ट दिसले पाहिजे. दुसरे, या मुलांना जायला एखादी जागा द्या. बेडफर्डशायरमधल्या सँटा पॉड धावपट्टीवर स्वतःची गाडी नेऊन सरळ रेषेत पळवण्याचे दिवस ठेवलेले असतात. रुग्णवाहिका असते, अडथळ्यामागे प्रेक्षक असतात, आणि झोपमोड कोणाची होत नाही.

चिरंजीवांनी फॉर्म वाचला आणि म्हणाले, "पहिला मुद्दा बरा लिहिलाय." मग त्यांनी स्वतःचा वेगळा भरला. त्यात काय लिहिले ते मी विचारले नाही. पुढच्या महिन्यात मात्र ते मला सँटा पॉडला घेऊन गेले. आवाज तोच होता. मी कान झाकून का होईना, शेवटपर्यंत थांबलो.